खोक्यातला रस, बरणीतली सायडर

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उन्हापासून दूर, एक काचेची बरणी उभी असते. साडेचार लिटरची, अरुंद गळ्याची. तोंडाला रबरी बूच, बुचात एक वाकडी नळी आणि नळीच्या बाकात दोन घोट पाणी. दर काही सेकंदांनी त्या पाण्यातून एक बुडबुडा वर येतो आणि 'बुडुक' असा आवाज होतो. दिवसा तो कुणाच्या लक्षातही येत नाही. रात्री भांडी आवरून दिवा मालवला की घरभर तेवढाच ऐकू येतो.

काही वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून माझ्याकडे, इथे सॉमरसेटला, आली होती. पहिल्याच रात्री पाणी प्यायला उठली आणि तिनं मला हाक मारली, "अगं, हे काय बोलतंय ओट्यावर?" मी म्हटलं, सफरचंदाचा रस आंबतोय. तिनं वाकून बुचाजवळ नाक नेलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नीरेला ऊन लागलं की असाच वास यायचा." तिचे वडील दिवस वर यायच्या आत नीरा प्यायला जात. उशीर झाला की तीच नीरा ताडीकडे झुकते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. तरीही गोड रस ठेवून दिला की तो आपल्या वाटेनं निघतो, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ही पुस्तिका लिहावी असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं. इडलीचं पीठ, दह्याचं विरजण, लोणच्याच्या बरणीला बांधलेला दादरा, यांतून आंबवण्याची निम्मी विद्या आपल्या घरांना आधीच येते. उरलेली निम्मी सांगायला मोठा ग्रंथ लागत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, साधारण बिअरइतका किंवा थोडा अधिक कडक. अमेरिकेत मात्र नुसत्या ताज्या, गढूळ रसालाही सायडर म्हणतात आणि मद्य अभिप्रेत असेल तर मागे 'हार्ड' लावतात. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीनं आपल्या लहान मुलाला सायडर दिल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा मी दचकले होते. आणि भारतात आता 'अ‍ॅपल सायडर' म्हटलं की व्हिनेगरची बाटली डोळ्यांपुढे येते. ते याच पेयाचं पुढचं रूप. सायडर हवेला उघडी राहिली की जिवाणू तिच्यातल्या अल्कोहोलचं आम्ल करून टाकतात. म्हणजे रस, सायडर आणि व्हिनेगर हे एकाच रस्त्यावरचे तीन थांबे. या पुस्तिकेचं सगळं काम मधल्या थांब्यावर उतरायला शिकवण्याचं आहे.

मी जिथे राहते तो मुलूखच सायडरचा. सॉमरसेट, डेव्हन, ग्लॉस्टरशर, हेरफर्डशर हा इंग्लंडचा पश्चिम भाग ओला आणि सौम्य हवेचा. द्राक्ष इथे मनासारखं पिकत नाही, सफरचंद मात्र बांधाबांधावर येतं. शेतमजुरांना रोजच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात मिळे. मजूर सकाळी लहान लाकडी पिंप भरून घेऊन शेतावर जात. गवतकापणीच्या दिवसांत ते दिवसातून पुन्हा भरलं जाई. मालकाला हे स्वस्त पडायचं आणि मजुराच्या घरी पैसे तेवढे कमी जायचे. 1887 च्या कायद्यानं मजुरीपोटी मद्य द्यायला बंदी झाली. सायडरबद्दल प्रेमानं लिहिताना हा भाग गाळून चालत नाही. जुन्या बागांची चित्रं सुंदर असतात, पण त्या पिंपांमधून कित्येक कुटुंबांची मिळकत वाहून गेली आहे.

त्याच्या सव्वाशे वर्षं आधीची एक गोष्ट घरगुती सायडरशी अधिक जवळची आहे. 1763 मध्ये पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारनं सायडरवर पिंपामागे चार शिलिंग कर बसवला आणि तो बनवणाऱ्याकडूनच वसूल करायचं ठरवलं. कराच्या रकमेइतकाच राग आला तो अबकारी अधिकाऱ्यांना मिळालेल्या अधिकाराचा. सायडर घरोघरी होत असे, त्यामुळे तपासणीसाठी ते आता लोकांच्या घरात शिरू शकणार होते. पश्चिमेकडे निदर्शनं झाली, ब्यूट यांचे पुतळे जाळले गेले, त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला आणि 1766 मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. आपल्या बागेतल्या फळाचं घरात काय करायचं ते सरकारनं येऊन बघू नये, ही भावना इथल्या माणसांच्या बोलण्यात अजून जाणवते. घरच्यापुरती सायडर करायला आज इंग्लंडमध्ये कुणाची परवानगी लागत नाही. विकायची म्हटलं की मात्र कराचे आणि नोंदणीचे नियम येतात, आणि घरी दारू गाळणं, म्हणजे ऊर्ध्वपातन, परवान्याशिवाय गुन्हाच आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर इथेच स्पष्ट लिहिते. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम 1949 लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा ठरतो. ही पुस्तिका जिथे कायदा मुभा देतो तिथल्या मराठी वाचकांनी करून बघण्यासाठी आहे. अमेरिकेतल्यांनीही आपापल्या राज्याचा नियम आधी पाहावा. महाराष्ट्रातल्या वाचकांनी ती एका पेयाची आणि एका प्रक्रियेची ओळख म्हणून वाचावी. त्यांना यातलं रसायन समजून घेण्यात आनंद मिळेल अशी मला खात्री आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. सफरचंदांच्या मुलखात राहून दुकानातल्या खोक्यातला रस कशासाठी?

माझ्या पहिल्या शरद ऋतूत शेजारचे आजोबा मला त्यांच्या ओळखीच्या एका बागेवर घेऊन गेले. गवतावर पडलेली सफरचंदं गोळा केली, धुतली, यंत्रात घालून त्यांचा चोथा केला. तो चोथा जाड कापडांत गुंडाळून थरावर थर रचतात. या रचलेल्या ढिगाला ते चीज म्हणतात, आणि कापडाच्या जागी पूर्वी गव्हाच्या काड्या असत. वरून स्क्रू आवळून दाबायच्या आधीच कडांतून तपकिरी रस पाझरू लागतो. मी एक पेला प्यायले. गोड होता, पण त्यामागून जिभेला असा तुरटपणा धरून बसला की अर्धवट पिकलेल्या जांभळाची आठवण झाली. तीच सफरचंदं नुसती खाऊन बघितली तर घास थुंकावासा वाटतो.

या तुरटपणातच इथल्या सायडरची सगळी मिजास आहे. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन गावात 1903 मध्ये फळं आणि सायडर यांची संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या बार्कर या शास्त्रज्ञानं सायडरच्या सफरचंदांची जी विभागणी केली ती आजही वापरात आहे. रसात टॅनिन 0.2 टक्क्यांहून जास्त असेल तर फळ तुरट, आणि आम्ल 0.45 टक्क्यांहून जास्त असेल तर आंबट. या दोन रेषा एकमेकींना छेदल्या की चार घरं होतात: गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. डॅबिनेट आणि यार्लिंग्टन मिल ही तुरट-गोड, तर किंग्स्टन ब्लॅक तुरट-आंबट. ही संस्था 2003 मध्ये बंद झाली. शंभर वर्षं ज्या मातीत संशोधन झालं तिथून ती उठावी, याचं मला इथली रहिवासी म्हणून वाईट वाटतं.

खोक्यातल्या रसात हा तुरटपणा जवळजवळ नसतो. तो खाण्याच्या सफरचंदांपासून निघतो. बऱ्याचदा त्यातलं पाणी आटवून घट्ट अर्क करतात, तो दूरवर नेतात आणि पुन्हा पाणी घालून खोक्यात भरतात. तेव्हा किंग्स्टन ब्लॅकच्या सायडरची चव या बरणीतून येणार नाही, हे मी पहिल्याच पानावर कबूल करते. पण त्याच संध्याकाळी परत येताना आजोबांनी मला सांगितलं की सुरुवात दुकानातल्या रसानं कर, बागेचा रस पुढच्या वर्षी. तेव्हा मी हिरमुसले. आज मी दुसऱ्यांना तेच सांगते.

कारण असं. बागेतल्या ताज्या रसात सालीवरचे आणि यंत्रावरचे जंगली यीस्ट असतात. जुने कारागीर वरून काहीच घालत नाहीत, त्या जंगली यीस्टवरच सोडतात, आणि हात बसलेला असेल तर त्यातून अप्रतिम सायडर होते. नवशिक्याला मात्र बिघडलं तर नेमकं कशानं, हे कळायला मार्ग नसतो. फळ सडकं होतं, बरणी अस्वच्छ होती, की भलतेच जंतू आत शिरले? खोक्यातला रस पाश्चरीकृत असतो, म्हणजे कोरी पाटी. आपण घालू तेवढेच जीव त्यात वाढणार. शिवाय तो जूनमध्ये आणा की जानेवारीत, चव आणि साखर जवळपास तीच. दोन बरण्यांत फरक पडला तर तो आपल्याच हातून पडलेला असतो आणि म्हणून शोधता येतो. रियाजाला एकच राग महिनोन्महिने धरून बसावं, तसा हा रस आहे.

एक पथ्य मात्र रस विकत घेतानाच पाळायचं. माझ्या अगदी पहिल्या बरणीत मी एका दुकानातून आणलेला रस ओतला, यीस्ट घातलं आणि तीन दिवस बुडबुड्याची वाट बघत बसले. पाणी हललंसुद्धा नाही. मग कचऱ्यातून खोकं काढून बारीक अक्षरं वाचली. त्यात पोटॅशियम सॉर्बेट होतं. सॉर्बेट आणि सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठी घातलेले पदार्थ यीस्टला वाढू देत नाहीत. लेबलवर फक्त सफरचंदाचा रस असावा. सोबत अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, असलं तरी हरकत नाही. उगीच महाग रस घेण्याची गरज नाही, हे लेबल तेवढं स्वच्छ हवं.

कृती पुढच्या प्रकरणांत टप्प्याटप्प्यानं दिली आहे, पण तिचा सांगाडा चार वाक्यांत मावतो. निर्जंतुक केलेल्या बरणीत चार लिटर रस, त्यात अर्धा चमचा वाईनचं किंवा सायडरचं यीस्ट आणि चिमूटभर यीस्टचं खाद्य, कारण सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो आणि उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. बूच आणि पाण्याची नळी लावून 15 ते 20 अंश तापमानाच्या जागी ठेवायचं. दोन दिवसांत फेस चढतो, तो ओसरला की उरलेली जागा रसानं भरायची. दोन-तीन आठवड्यांनी बुडबुडे थांबत येतात, साका तळाला बसतो, आणि वरची निवळ नळीनं दुसऱ्या बरणीत काढून घ्यायची.

पावाचं यीस्ट चालेल का, असं मला हमखास विचारतात. चालतं. पण त्याचा साका भुसभुशीत राहतो, बरणी हलवली की लगेच उठतो, आणि सायडरला पावाचा वास लागतो. वाईनच्या यीस्टचा साका तळाशी घट्ट चिकटतो. ज्यांनी ताकावरची निवळ ओतून घेतली आहे त्यांना हा फरक हाताला कळेल.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना एवढी लांबली ती सांगते. या रसात दर लिटरला साधारण 105 ग्रॅम साखर असते. साडेचार लिटरच्या बरणीत जवळपास पावणेपाचशे ग्रॅम. यीस्ट ती खातं तेव्हा वजनानं साधारण अर्ध्या साखरेचं अल्कोहोल होतं आणि जवळपास अर्ध्या साखरेचा कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमहून थोडा जास्त वायू. घरातल्या हवेत तो मोकळा झाला तर सुमारे सव्वाशे लिटर जागा व्यापतो. एका लहानशा बरणीतून सव्वाशे लिटर! हा आकडा मी पहिल्यांदा मांडून पाहिला तेव्हा त्या 'बुडुक' आवाजाचा अर्थ मला कळला. तो एकेक बुडबुडा बाहेर पडतो म्हणून काच शाबूत असते. नळीतल्या दोन घोट पाण्याचं काम एवढंच, आतला वायू जाऊ द्यायचा आणि बाहेरची हवा, चिलटं आणि व्हिनेगरचे जिवाणू आत येऊ द्यायचे नाहीत.

हे मी पुरतं समजून घेतलं नव्हतं त्या वर्षीची गोष्ट. बुडबुडे मंदावले होते. मी उतावीळपणे काचेच्या बाटल्यांत सायडर भरली, प्रत्येकीत फेसासाठी चमचाभर साखर टाकली, घट्ट झाकणं लावली आणि बाटल्या पिठाच्या डब्यांमागे ठेवून दिल्या. थंडीमुळे यीस्ट फक्त पेंगुळलं होतं. नवव्या रात्री कपाटातून बार उडाल्यासारखा आवाज आला. दार उघडलं तर एक बाटली नाहीशी झाली होती आणि ज्वारीच्या पिठाच्या पत्र्याच्या डब्याला बाहेरून काच रुतली होती. मुलगी तेव्हा चार वर्षांची, ते कपाट तिच्या उंचीचं. ती त्या वेळी झोपलेली होती, एवढंच. त्या रात्रीपासून या घरात सायडर घनतामापीनं मोजल्याशिवाय बाटलीत जात नाही. रसाची घनता सुरुवातीला 1.045 ते 1.050 भरते. साखर संपली की ती 1.000 किंवा त्याच्याही खाली येते. तीन-चार दिवसांच्या अंतरानं दोनदा तोच आकडा आला तरच बाटल्या भराव्यात. फेस हवा असेल तर लिटरला एक सपाट लहान चमचा साखर पुरे, त्याहून अधिक नाही. आणि पहिली दोन वर्षं तरी बाटल्या सोड्याच्या, प्लास्टिकच्या वापराव्यात. बोटांनी दाबून आतला जोर कळतो, आणि बाटली दगडासारखी लागली तर झाकण किंचित सैल करता येतं.

मोजण्याचा दुसरा फायदा म्हणजे पेय किती कडक झालं ते समजतं. 1.046 पासून 1.000 पर्यंत उतरलेली सायडर साधारण 6 टक्के अल्कोहोलची असते. तिचा एक पाइंट, म्हणजे 568 मिलिलिटर, इंग्लंडच्या हिशेबानं तीन युनिटहून जास्त होतो, आणि इथली आरोग्य खात्याची सूचना आठवड्याला 14 युनिटच्या वर जाऊ नये अशी आहे. घरचं आहे, फळाचं आहे, म्हणून सौम्य आहे असं कुणी मानू नये. प्यायल्यावर गाडीची किल्ली हातात घेऊ नये. अधिक कडक व्हावी म्हणून रसात किलोभर साखर ओतायचा सल्लाही पुष्कळ जण देतात. मी तो मानत नाही. अल्कोहोल वाढतं, पण सफरचंद तेवढंच राहतं आणि चव पातळ होते.

पहिला घोट बहुतेकांना चकवतो, कारण त्यांनी गोडीची अपेक्षा केलेली असते. यीस्ट रसातली साखर जवळजवळ सगळी संपवतं आणि उरतं ते कोरडं, आंबटसर, हलकं पेय. दुकानातली गोड सायडर नंतर गोड केलेली असते. नॉर्मंडी आणि ब्रिटनीचे फ्रेंच कारागीर रसातलं पेक्टिन गोठवून वर काढतात, त्यासोबत यीस्टचं खाद्यही निघून जातं, आंबणं अर्ध्यावर थांबतं आणि मूळची गोडी शिल्लक राहते. ती अवघड विद्या आहे. घरी सगळ्यात सोपं म्हणजे पिताना पेल्यात थोडा ताजा रस मिसळणं. माझ्या नवऱ्याला तशीच आवडते. मला कोरडी आवडायला दोन वर्षं लागली.

आणि तुरटपणा? तो आणायचा उपाय प्रत्येक मराठी घरात आहे. पाव लिटर पाण्यात चहापत्ती घालून, दुधासाखरेशिवाय, काळाकुट्ट चहा करायचा, गाळून पूर्ण निववायचा आणि सुरुवातीलाच बरणीत ओतायचा. चहातलं टॅनिन रसाला कणा देतं. इंग्लंडमधले घरगुती वाईन करणारे हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मी एकदा एकाच दिवशी दोन बरण्या लावल्या, एक चहाची आणि एक बिनचहाची, आणि दोन महिन्यांनी डोळे मिटून चाखल्या. बिनचहाची घशाखाली गेली की विसरली जात होती. दुसरीची चव मागे रेंगाळत होती.

दोन महिने हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. तीन आठवड्यांत सायडर पिण्याजोगी होते हे खरं. पण ताजी सायडर उग्र असते, तिला यीस्टचा वास असतो, रंग मुळ्याच्या पाण्यासारखा गढूळ असतो. थंड, अंधाऱ्या जागी ती तशीच राहू दिली की रोज थोडी थोडी निवळत जाते, आधी वरून आणि मग खालून, आणि एखाद्या सकाळी बरणीच्या पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येतं. या काळात झाकण उघडून बघण्याची इच्छा सारखी होते. माझ्या फसलेल्या बरण्यांपैकी निम्म्या तरी अशा उघडून बघण्यानंच आंबटल्या.

दर जानेवारीत, 17 तारखेला, सॉमरसेटच्या काही गावांत लोक रात्री बागेत जमतात. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ती नाताळानंतरची बारावी रात्र. सायडरमध्ये भिजवलेले पावाचे तुकडे सगळ्यात जुन्या झाडाच्या फांद्यांवर ठेवतात, मुळाशी सायडर ओततात, भांडी बडवतात, बंदुकीचे बार काढतात, जेणेकरून झाडाला जाग यावी आणि पीक चांगलं यावं. कारहॅम्प्टन गावची ही रात्र प्रसिद्ध आहे. आमच्या गावची लहान असते, चाळीसेक माणसं आणि दोन कंदील. मागच्या वर्षी मी माझ्या खोक्याच्या रसाची बाटली घेऊन गेले. शेजारच्या आजोबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि हिला ईस्टरपर्यंत ठेव म्हणाले. मग उरलेली बाटली माझ्या हातून घेऊन त्यांनी झाडाच्या मुळाशी थोडी ओतली. त्यांनी शिकवलेलं या पानांत जागोजागी आहे. आपलं नाव मात्र कुठे घालू नको, असं त्यांनी बजावलं आहे.

हस्तलिखित आईनं वाचलं आणि दोन ठिकाणी माझे 'मिश्रण' आणि 'द्रावण' खोडून 'साका' आणि 'निवळ' लिहिलं. ते तसंच ठेवलं आहे. तिनं स्वतः आजवर सायडरचा थेंब चाखलेला नाही आणि चाखायचीही नाही. पण रविवारी फोन आला की माझ्या तब्येतीची चौकशी झाल्यावर ती विचारते, "बरणी निवळली का गं?"